डाव्या कोपऱ्यातली कळ

संगणकाच्या कीबोर्डवर अगदी डाव्या कोपऱ्यात, 'एस्केप'च्या खाली आणि १ या अंकाच्या शेजारी, एक कळ असते. तिच्यावर पाण्याच्या लाटेसारखे एक वळणदार चिन्ह काढलेले असते. गेली वीस वर्षे मी संगणकावर प्रश्नपत्रिका काढतो आहे, विभागाच्या बैठकांची इतिवृत्ते लिहितो आहे, आणि कुणी छापील या आशेवर अधूनमधून एखादा लेखही टंकतो आहे. पण या कळीची गरज मला एकदाही पडलेली नाही. शेजारच्या कळा झिजून त्यांच्यावरची अक्षरे पुसट झाली; ही मात्र लग्नात आहेर आलेल्या चांदीच्या तबकासारखी कोरी करकरीत. या बाईंचे इथे काम तरी काय, असा प्रश्नही मला कधी पडला नव्हता. गेल्या वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मात्र याच कळीने आमच्या घरातल्या तीन पिढ्यांना एका कोचावर आणून बसवले, आणि त्यांतल्या दोन पिढ्यांना माझ्या अज्ञानावर हसण्याची संधी दिली.

सुरुवात अण्णांपासून करायला हवी. अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात ३६ वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. कालवे, पाट, मोऱ्या आणि धरणांच्या भिंती यांतच त्यांचे आयुष्य गेले. एम.बी.त, म्हणजे मोजमापाच्या वहीत, एकही खोटा आकडा कधी लिहिला नाही, हा त्यांचा अभिमान. आणि त्यापायी किती बदल्या झाल्या, हा आईचा हिशेब. घरातही त्यांचा कारभार असाच चोख. मी आठ वर्षांचा असताना ते मला बुद्धिबळ शिकवीत. मोहऱ्याला हात लागला की ते खेळायचेच. "चुकून लागला हो, अण्णा!" म्हणून मी रडकुंडीला येई, तर ते शांतपणे विचारीत, "हात कुणाचा होता?" या प्रश्नाला उत्तर नसे. अजूनही नाही.

आई गेल्यावर ते कऱ्हाडचे घर बंद करून आमच्याकडे पुण्याला आले, ते उजव्या हातात कंपवात घेऊनच. औषध चालू आहे, पण हात काही ऐकत नाही. वजीर उचलायला जावे तर शेजारची दोन प्यादी आडवी होतात. कॅरमचा स्ट्रायकर बोटाखाली ठरत नाही. पहिल्या महिन्यातच त्यांनी हे दोन्ही खेळ सोडले. तक्रार नाही, चिडचिड नाही. नुसते "राहू दे" म्हणाले, पट मिटला आणि कपाटावर ठेवून दिला.

मग ते संध्याकाळचे ओंकारच्या मागे खुर्ची टाकून बसू लागले. ओंकार म्हणजे आमचे चिरंजीव. इयत्ता नववी, अभ्यास बेताचा, संगणकातले खेळ मात्र भारी. त्या दिवसांत तो जो खेळ खेळत होता त्यात कुठलेसे जुन्या काळचे काल्पनिक राज्य होते. बर्फाचे डोंगर, पाइनची राने, दगडी पूल, वाटेवर दरोडेखोर आणि लांडगे. अण्णा नुसते बघत. एके दिवशी ओंकार उठला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही खेळा."

अण्णांनी नाही-नाही म्हटले, आणि बसले. गावाच्या वेशीबाहेर पडले, तोच पहिला लांडगा आला. एका हाताने कीबोर्ड सांभाळायचा, दुसऱ्याने माऊस फिरवून नेम धरायचा. आणि माऊसवरचा तो हात तर पिंपळाच्या पानासारखा. लांडग्याने त्यांना अर्ध्या मिनिटात लोळवले. पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. पाचव्या की सहाव्या मरणानंतर त्यांनी माऊस बाजूला सारला. "राहू दे," म्हणाले.

मी तेव्हा शेजारी उत्तरपत्रिका तपासत होतो. ते "राहू दे" मला ओळखीचे वाटले आणि आवडले नाही. पण मी काही बोलायच्या आधीच ओंकारने हात लांब करून ती डाव्या कोपऱ्यातली कळ दाबली. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर एक करडा पडदा सरकन उतरला. त्यावर त्याने एक छोटासा शब्द टंकला, एंटर मारले, पडदा वर गेला. लांडगा पुन्हा आला. चावला. चावतच राहिला. अण्णा उभेच.

"याला काय झालं?" अण्णांनी विचारले.

"त्याला काही नाही. तुम्हीच आता मरणार नाही, आजोबा."

अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे लबाडी?"

"लबाडी कुणाशी? इथे आपण दोघंच आहोत. लांडगा काय तक्रार करणार आहे?"

ज्या माणसाने मला एक चुकीचा उंट कधी परत घेऊ दिला नाही, तो माणूस या प्रश्नावर किती वेळ विचार करतो, हे मी लाल पेन हातात धरून पाहत होतो. शेवटी त्यांनी चष्मा लावला आणि लांडग्याला तसेच टाचेशी घेऊन ते पुढे चालू लागले.

खरे सांगायचे तर, आठ दिवसांत त्यांना याचा कंटाळा येईल, असा माझा होरा होता. कारण अमरपणाचा अनुभव मीही घेतला आहे. वसतिगृहात एका मित्राच्या संगणकावर 'डूम' नावाचा १९९३ सालचा खेळ होता. त्यात एक विशिष्ट पाच अक्षरे टंकली की तुम्हाला मरण नसे. कुणीतरी मला ती अक्षरे सांगितली. महिनाभर पुरायचा तो खेळ मी एका रात्रीत संपवला आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. पण अण्णांचे तसे झाले नाही. मला तो खेळ जिंकायचा होता. अण्णांना जिंकायचे नव्हतेच. त्यांना हिंडायचे होते. चार महिने ते त्या राज्यात फिरती केल्यासारखे हिंडले. रोज संध्याकाळी एक तास. पुलांच्या कमानी खालून पाहून येत. "हा दगड इथे कधीच राहणार नाही," असा शेरा देत. एकदा एका कालव्याच्या काठाने ते अर्धा तास चालले आणि शेवटी ओंकारला म्हणाले, "अरे, याला उतारच नाही. पाणी वाहतं कसं?" घरात ते इतके बोलताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो.

ऑगस्टमध्ये संगणक बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला की आतला एक भाग मिळायला वेळ लागेल. मी, नेहमीप्रमाणे, उदारपणाच्या भरात चूक केली: टीव्हीला जोडायचे खेळांचे यंत्र हप्त्यावर घेऊन आलो. आजोबा आणि नातू दोघेही खूश होतील, असा बेत. खेळही तोच आणला. मोठ्या पडद्यावर बर्फाचे डोंगर असे दिसले की सौ.सुद्धा स्वयंपाकघरातून डोकावून गेली. अण्णांच्या हातात तो दोन खुंट्यांचा रिमोट दिला. वेशीबाहेर लांडगा उभाच होता.

या यंत्राला ती कळ नव्हती. कीबोर्डच नाही, तर कळ कुठली? मी म्हणालो, "अरे, मग यादीत कुठे असेल, शोध." ओंकारने सगळ्या याद्या पालथ्या घातल्या. अवघड-सोपे यांचे पाच प्रकार होते. सगळ्यांत सोप्यातही लांडगा चावत होता आणि अण्णा मरत होते, इतकेच की जरा सावकाश. "बाबा, टीव्हीच्या मशीनवर ती कमांड नसते. काढून टाकतात."

"का?"

"असंच असतं."

आता, "असंच असतं" हे उत्तर मी स्वतः वर्गात ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत सर्रास देतो. पण ते ऐकून घ्यायची मला सवय नाही. अण्णांनी रिमोट टीपॉयवर ठेवला होता. "राहू दे," ते म्हणाले. तिसऱ्यांदा.

दसऱ्याला पराग सोने द्यायला आला. पराग हा माझा जुना विद्यार्थी. आमच्या वाङ्मय मंडळाचा एके काळचा सचिव, बी.एस्सी. होऊन आता एका खेळ बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. खेळ तयार होत असताना तो मोडून पाहणे, हे त्याचे काम. दिवसभर भिंतींना डोकी आपटायची, नको तिथून उड्या मारायच्या, आणि कुठे काय बिघडते त्याची नोंद ठेवायची. त्याच्या हातात आपट्याची पाने असतानाच मी त्याच्यावर तुटून पडलो. माझ्या वडिलांनी तुमच्या धंद्याचे असे कोणते घोडे मारले आहे?

पराग हसला. "सर, ते दार खेळणाऱ्यांसाठी नसतंच मुळी. ते आमच्यासाठी असतं."

आणि मग त्याने सांगितले ते असे. चाळीस तासांचा खेळ असतो. एकोणचाळिसाव्या तासाला एक दार उघडते. ते नीट उघडते की नाही हे पाहायला कारागिराने रोज एकोणचाळीस तास खेळायचे काय? म्हणून खेळ बांधतानाच ते आपल्यासाठी काही आज्ञा ठेवतात. मला अमुक ठिकाणी ने. मला मारू नकोस. मला भिंतीतून जाऊ दे. मला सगळी शस्त्रे दे. हे काही आजचे नाही. कोनामी या जपानी कंपनीचा 'ग्रेडियस' हा खेळ १९८६ साली घरगुती यंत्रावर आणण्याचे काम कझुहिसा हाशिमोतो नावाच्या गृहस्थांकडे होते. खेळ इतका अवघड की खुद्द त्यांनाच तो शेवटपर्यंत खेळता येईना. मग त्यांनी आपल्यापुरता एक क्रम ठेवला: वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. एवढे दाबले की विमानाला सगळी सामर्थ्ये मिळत. खेळ बाजारात जाताना तो क्रम आतच राहून गेला. पुढे १९८८ साली 'कॉन्ट्रा'त याच क्रमाने तीस जीव मिळू लागले, आणि अमेरिकेतल्या पोरांना तो पाढ्यासारखा पाठ झाला. २०२० साली हाशिमोतो वारले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांना आठवले ते या दहा कळांसाठी. माणसाने आयुष्यभर काय काय केलेले असते, आणि लक्षात राहते ते विसरून राहिलेले!

माझी ती डाव्या कोपऱ्यातली कळ प्रसिद्ध केली ती १९९६ सालच्या 'क्वेक'ने. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरचा हा खेळ. कळ दाबली की वरून पडदा उतरे, आणि त्यावर 'गॉड' असे लिहिले की तुम्ही अमर. तोच शब्द पुन्हा लिहिला की पुन्हा मर्त्य. 'नोक्लिप' म्हटले की भुतासारखे भिंतींतून आरपार. मात्र त्याच 'क्वेक'मध्ये चारचौघे एकमेकांविरुद्ध उतरले, की 'गॉड' चालत नसे. दोन वर्षांनी 'हाफ-लाइफ' आला. त्यात ही खिडकी हवी असेल तर खेळ सुरू करतानाच वेगळी सूचना जोडावी लागे. दार हळूहळू असे अरुंद होत गेले. आज असंख्य खेळ 'अनरियल' नावाच्या तयार यंत्रणेवर बांधले जातात. खेळ बाजारात पाठवण्यासाठी जी अखेरची घडण करतात तिला तिथे 'शिपिंग' म्हणतात, आणि त्या घडणीत ही आज्ञांची खिडकी आपोआपच वगळली जाते. कुणी मुद्दाम ठेवली तरच राहते.

"ते कळलं," मी म्हणालो. "कसं बंद करतात ते कळलं. का करतात?"

इथे अण्णाही खुर्ची पुढे ओढून बसले.

"आजोबा, गोष्ट अशी असते," पराग माझ्याऐवजी त्यांच्याकडे वळून सांगू लागला, आणि ते बरेच झाले. "जमिनीवर आम्ही न दिसणाऱ्या रेषा आखून ठेवतो. तुम्ही ती रेषा ओलांडली की म्हातारा बोलू लागतो, शत्रू येतो, पुढचं दार उघडतं. सगळी गोष्ट त्या रेषांवर चालते. आता तुम्ही भिंतीतून गेलात, तर रेषा बाजूलाच राहिली. म्हातारा बोलला नाही, दार उघडलं नाही. खेळाला वाटतं, तुम्ही अजून अलीकडेच आहात. आणि त्या अवस्थेत तुम्ही खेळ 'सेव्ह' केलात, की ती अडचण कायमची जतन झाली. मग तुम्ही आम्हाला रागाचं पत्र लिहिता, की खेळ बिघडलेला आहे. आम्ही चार दिवस तो बिघाड शोधतो. आणि तो खेळात नसतोच."

"म्हणजे पाणी मोरीतून न जाता भरावाला भोक पाडून गेलं," अण्णा म्हणाले.

"अगदी तेच!"

"मग दोष मोरीचा नाही."

"पण पत्र मोरीवाल्याला येतं ना, आजोबा."

दोघांचे इतके जमले की मला चहा आणायला उठावे लागले. परत आलो तेव्हा पराग बंद करणे आणि काढून टाकणे यांतला फरक सांगत होता. २००४ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सान अँड्रियास' हा खेळ आला. त्यात कुटुंबात बसून पाहता येणार नाही असा एक भाग करणाऱ्यांनी अर्धवट बनवला, मग नको म्हणून त्याच्याकडे जाणारी वाट बंद केली. पण तो भाग आतच राहू दिला. पुढच्या वर्षी खेळाची संगणकावरची आवृत्ती निघाली आणि कुणा हुशार माणसाने ती वाट उघडली. जुलै २००५ मध्ये अमेरिकेत त्या खेळाचा वयोगट बदलून 'फक्त प्रौढांसाठी' असा झाला, आणि मोठमोठ्या दुकानांनी तो फळीवरून उतरवला. तेव्हापासून, पराग म्हणाला, नुसते कुलूप लावून कुणाचे समाधान होत नाही. माळाच रिकामा करतात. टीव्हीच्या यंत्रांवर तर आणखी एक पायरी असते: खेळ कुणीही बनवलेला असो, यंत्र बनवणारी कंपनी आपल्या नियमांप्रमाणे तो तपासते आणि मगच विकू देते. अशा तपासणीला जाताना कारागिराची हत्यारे आत ठेवून कोण जाईल? आणि कीबोर्ड नसलेल्या यंत्रावर आज्ञा टंकायच्या तरी कशाने?

"आणि ऑनलाइनचं तर विचारूच नका, सर. तिथे समोर लांडगा नसतो. माणूस असतो."

ते मला विचारायची गरज नव्हती. मी एम.ए.ला असताना आमच्या वसतिगृहाजवळ एक नेट कॅफे होता. संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण तिथे 'काउंटर-स्ट्राइक' खेळत असू. माझ्या प्राध्यापकांची अशी समजूत होती की त्या वेळी मी ग्रंथालयात संतवाङ्मयाची टिपणे काढतो आहे. त्या खेळात प्रत्येकाला सुरुवातीला ८०० डॉलर मिळतात. त्यांत पिस्तूल आणि थोडेफार सामान, एवढीच ऐपत. लांब पल्ल्याची मोठी बंदूक ४,७५० डॉलरला. ती घ्यायला आधी काही डाव जिंकून पैसे साठवावे लागतात. काउंटरवरच्या मशीनवर मालकाचा भाचा बसे, आणि आम्ही सगळे त्याच्याच मशीनला जोडलेले असू. एक दिवस पहिल्याच डावात, पहिल्याच मिनिटाला, माझ्यावर त्या मोठ्या बंदुकीची गोळी आली. मराठीचा विद्यार्थी झालो तरी वजाबाकी येते. आठशेत ही बंदूक आली कुठून? मी उठून काउंटरच्या मागे गेलो. भाच्याने आम्ही यायच्या आधीच आपल्या मशीनवर लबाडीची परवानगी चालू करून ठेवली होती, आणि मग ती डाव्या कोपऱ्यातली कळ दाबून, एक शब्द आणि एक आकडा लिहून, खात्यात एकदम १६,००० डॉलर पाडून घेत होता. किती दिवस, देव जाणे. आमचे ताशी वीस रुपये गेले त्याचे काही नाही. पण गेले दोन आठवडे मी रोज रात्री हा विचार करत झोपत होतो, की आपला नेम का चुकतो.

त्या कॅफेत पुन्हा आम्ही गेलो नाही. परागने याच जातीची अलीकडची एक हकीकत सांगितली. 'फॉलआउट ७६' या २०१८ सालच्या ऑनलाइन खेळात करणाऱ्यांनी आपल्यासाठी एक खोली ठेवली होती. खेळातली झाडून सगळी चीजवस्तू तिच्यात मांडलेली. काही खेळाडू शोधत-शोधत तिथे पोहोचले, आणि कंपनीला त्यांची खाती बंद करावी लागली. ज्यांनी घाम गाळून एकेक वस्तू मिळवली, त्यांच्या शेजारी हे गाडीभर माल घेऊन उभे राहिले तर खेळाला चव कसली राहणार?

हे सगळे मला पटले. पटले म्हणूनच माझा राग कमी होईना, कारण यांतले एकही कारण आमच्या कोचाला लागू नव्हते. अण्णा कुणाशी ऑनलाइन लढत नव्हते. कुणाचा डाव चोरत नव्हते. गोष्ट अडली असती तर ते पत्र लिहिणार नव्हते. फार तर कालव्याला उतार नाही, एवढे कळवले असते. मी परागला आणखी एक विचारले. तुमच्या काही खेळांत सोन्याच्या मोहरा आणि शस्त्रे खऱ्या पैशांना विकत मिळतात, हे खरे ना? पूर्वी जी वस्तू एका शब्दावर फुकट मिळे, ती आता दुकानात मांडली आहे. तर मग दार बंद करण्यात दुकानदाराचा हात अजिबात नाही, असे शपथेवर सांगशील? पराग चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागला. "सगळ्यांच्या बाबतीत नाही, सर," एवढेच म्हणाला. मीही मग सोडून दिले. आमच्याकडेही अंतर्गत गुणांची अशीच एक कळ असते, आणि तिच्याविषयी सणासुदीच्या दिवशी बोलणे बरे नव्हे.

"परांची उतरवलीच पाहिजे," अण्णा एकदम म्हणाले. आम्ही दोघे त्यांच्याकडे बघू लागलो. "घर बांधून झालं की बांबू काढायचेच. नाहीतर पोरं चढतात आणि पडतात. याचं म्हणणं बरोबर आहे. पण परांची काढली म्हणून जिना बांधायचा नाही, असं कुठे आहे?"

"धरणाच्या पोटात तपासणीची गॅलरी असते," ते पुढे सांगू लागले. "भिंतीत पाणी किती झिरपतं ते मोजायला. तिथे पाहुण्यांना सोडत नाहीत. ओल असते, अंधार असतो, पायऱ्या निसरड्या. मीच कितीजणांना परत पाठवलंय. पण वरून धरण बघायला रस्ता करतात. कठडा करतात. तो कुणी गॅलरीची परवानगी म्हणून मागत नाही."

पराग काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "असे जिने बांधायला लागलेत, आजोबा. थोडे थोडे." 'सेलेस्ट' नावाचा २०१८ सालचा एक खेळ आहे. एका मुलीने डोंगर चढून जायचे, एवढीच गोष्ट. पण चढ भलताच कठीण. त्यात करणाऱ्यांनीच साहाय्याची एक यादी दिली आहे. हवा तर खेळाचा वेग कमी करा. हवी तर दमछाक बंद करा. हवे तर मरण बंद करा. चोरून काही टंकायचे नाही. उघड यादीत, ज्याला हवे त्याने घ्यावे. २०२० सालच्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात तर अशा साठाहून अधिक सोयी आहेत. डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही तो खेळता यावा, इथपर्यंत विचार केलेला. "पण आजोबा, दार उघडं टाकणं सोपं असतं. जिना बांधायचा म्हणजे प्रत्येक पायरी आम्हाला तपासावी लागते. मरण बंद केलं तर ती रेषा नीट ओलांडली जाते का, म्हातारा बोलतो का, सगळं पहिल्यापासून. त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि वरचे लोक विचारतात, हे वापरणार किती जण?"

"आमच्या पुलावरून किती जण जाणार, असं आम्हालाही विचारत," अण्णा म्हणाले. "मोजून दाखवावं लागतं."

पराग गेला. जाताना तो अण्णांना वाकून नमस्कार करून गेला, आणि मला म्हणाला, "सर, हे परांचीचं मी आमच्या मीटिंगमध्ये सांगणार." सांगितले की नाही, मला माहीत नाही. 'सेलेस्ट' आम्ही आणला. अण्णांनी दोन दिवस खेळून पाहिला, मरण बंद करून. चांगला आहे म्हणाले. पण त्यात पूल नव्हते.

दिवाळीला चार दिवस राहिले असताना दुरुस्तीवाल्याने संगणक आणून दिला. आतले सगळे जसेच्या तसे होते. अण्णांची ती अर्धवट राहिलेली फिरतीसुद्धा. वसुबारसेच्या संध्याकाळी ओंकारने खुर्ची मांडली, ती कळ दाबली, शब्द लिहिला, आणि अण्णा पुन्हा त्या उतार नसलेल्या कालव्याच्या काठाने निघाले. मी निश्चिंतपणे सहामाहीच्या गठ्ठ्याकडे वळलो.

धनत्रयोदशीला सौ. दारात पणत्या लावत होती. मी तेलाची बाटली शोधत आत आलो, तो अण्णांचा आवाज आला.

"ओंकार, तो पहिला लांडगा कुठे भेटतो रे?"

"गावाच्या वेशीबाहेर. का?"

"तिथे ने."

ओंकारने नेले.

"आणि ते तुझं अमरपण बंद कर."

"आजोबा, लगेच माराल."

"मी नाही, तो मारेल. बंद कर."

ओंकारने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. करडा पडदा उतरला, तोच शब्द पुन्हा लिहिला गेला, पडदा वर गेला. लांडगा आला आणि अण्णा अर्ध्या मिनिटात आडवे झाले.

"परत," अण्णा म्हणाले.

बाहेरून सौ.ने तेलासाठी दोनदा हाक मारली. मी बाटली हातात घेऊन तिथेच उभा होतो. अण्णांनी डावा हात कीबोर्डवरून उचलून उजव्या मनगटावर घट्ट धरला होता, आणि पुढे-मागे सरकायच्या कळा ओंकार दाबत होता. माऊस तरीही थरथरत होता. दुसऱ्यांदा मेले. तिसऱ्यांदा. सहाव्यांदा की सातव्यांदा तलवारीचा एक वार कुठेतरी बसला. लांडगा केकाटून दोन पावले मागे सरला, आणि मग त्याने झेप घेतली.

"लागला होता, आजोबा!" ओंकार ओरडला.

"बघितलं मी," अण्णा म्हणाले. "परत."